माझ्यातली ठेंगणी मावशी

मित्रांनो, मी एक जुनं चित्र आहे आणि हे सांगताना मान खाली घालणाऱ्यांतला मी नाही. संग्रहालयाचा जिना चढून वर आलात की उजव्या हाताच्या तिसऱ्या खोलीत मी टांगलेला दिसेन. उंची चार फूट, रुंदी तीन फूट, वय बहात्तर. एवढ्याशा जागेत माझ्या चित्रकारानं एक अख्खं चर्च बसवलं आहे, आणि तेही दाटीवाटीनं नव्हे, चांगलं ऐसपैस. दोन्ही बाजूंना पाच-पाच खांब, डोक्यावर कमानी, आणि खिडक्या इतक्या उंचावर की बघता बघता मान अवघडते. सोनं नाही, मूर्ती नाही, रंगीत काच नाही. पांढऱ्या भिंती, करडी फरशी आणि वरून उतरणारा उजेड, एवढाच माझा ऐवज. तरी माझ्यासमोर आलेला माणूस बोलता बोलता आवाज खाली आणतो. हे मी कितीतरी वर्षं पाहिलं आहे, म्हणून थोडी ऐट करतो. ती पोकळ आहे की भरीव, ते माझी हकिकत ऐकून तुम्हीच ठरवा.

माझ्या चित्रकाराला सगळे 'दोरीवाले' म्हणायचे. त्याला कारण होतं. दुसरे चित्रकार रंगांची पेटी घेऊन निघतात, हा आधी दोरी घेऊन निघायचा. दोरीला फुटाफुटावर गाठी मारलेल्या. चर्चमध्ये शिरला की आधी फरशी मोजायची, मग खांबाचा घेर, मग दोन खांबांमधलं अंतर, मग शिडी लावून खिडकीची उंची. सगळं वहीत उतरवायचं. महिना महिना नुसतं मोजणंच चालायचं. "चित्र काढतोयस की चर्च विकत घेतोयस?" असं त्याचे मित्र विचारायचे. तो हसायचा आणि पुढची गाठ मोजायचा.

घरी त्याची बायको शिवणकाम करायची. मापाशिवाय कपडा होत नाही हे तिला पक्कं ठाऊक, म्हणून नवऱ्याच्या या वेडाला घरात तरी कुणी हसत नव्हतं. उलट तीच त्याची खरी परीक्षक होती. तो चर्चची चित्रं काढायचा. एकामागून एक काढली, सगळी मापाला चोख. ती खपायचीही, भिंतींवर लागायची, पण ती टांगून झाल्यावर त्याचा चेहरा उतरायचा. काहीतरी राहून गेलंय असं त्याला वाटायचं आणि काय राहिलंय ते कळायचं नाही.

मग माझी पाळी आली. त्यानं माझ्या कापडावर मधोमध एक टाचणी खोचली, तिला दोरा बांधला, आणि त्या दोऱ्याच्या आधारानं फरशीच्या रेघा, खांबांच्या कडा, कमानींच्या ओळी आखल्या. सगळं त्या एका टाचणीकडे धावत गेलेलं. टाचणीचं बारीक भोक माझ्या अंगावर अजून आहे. मला त्याचा अभिमान आहे, कारण माझं सगळं घर त्याच्यावर उभं आहे.

रंगाची गोष्ट तर विचारूच नका. तुम्हाला वाटत असेल, पांढरी भिंत म्हणजे पांढरा रंग घ्यायचा आणि फासायचा. छे! त्यानं माझ्यासाठी नऊ पांढरे बनवले. खिडकीजवळचा पांढरा जरासा निळसर, फरशीवरून उजेड उलटून भिंतीवर येतो तिथला पिवळट, कोपऱ्यातला राखेकडे झुकलेला, आणि जिथे थेट ऊन पडतं तिथला असा, की बघणाऱ्यानं डोळे बारीक करावेत. तो फारसा देवभोळा नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचा, "देव काढणं आपल्याला जमत नाही. आपण त्याच्यासाठी जागा झाडून ठेवायची, आणि उजेड आत येऊ द्यायचा."

पाच महिन्यांनी मी पुरा झालो. त्यानं बायकोला हाक मारली. ती तोंडातली टाचणी काढत आली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि म्हणाली, "छान आहे. हे गोदाम कुठलं?"

मित्रांनो, त्या वेळी माझा रंग ओला होता म्हणून, नाहीतर मला तिथेच तडा गेला असता.

"गोदाम?" चित्रकार खुर्चीवर बसला. "अगं, साठ फूट उंच चर्च आहे ते!"

"असेल. तुम्ही मोजलंय, तुम्हाला माहीत. मला कसं कळावं?" ती जवळ आली. रागावली नव्हती, विचार करत होती. "मापं चोख आहेत हो. पण हा कपडा खुंटीला टांगलाय. घालणारं कुणी नाही. अंगावर बघितल्याशिवाय मोठा की लहान, सांगता येतं का?"

त्यानं वही मिटून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोरी न घेता चर्चमध्ये गेला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला.

त्या चर्चमध्ये झाडलोट करणारी एक बाई होती. तिला लहानथोर सगळे ठेंगणी मावशी म्हणायचे. तिचा झाडू तिच्यापेक्षा वीतभर उंच होता. दोरीवाल्याशी तिचं पहिल्या दिवसापासून बिनसलेलं, कारण तो फरशीवर खडूनं खुणा करायचा आणि पुसायच्या तिला.

"काय मोजताय एवढं रोज?" ती म्हणायची. "भिंती काय वाढत्या अंगाच्या आहेत?"

"मावशी, जरा बाजूला व्हा. तुमचा पाय दोरीवर पडलाय."

"माझा पाय कामावर आहे. तुमची दोरी मधे आलीये."

असं त्यांचं नातं. पण त्या सकाळी तो गप्प बसून होता आणि ती झाडत होती. दहाच्या सुमाराला दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत आलं आणि तिसऱ्या खांबाच्या पायाशी उतरलं. मावशी झाडत झाडत तिथवर आली, झाडूवर दोन्ही हात टेकून थांबली, आणि तिनं वर पाहिलं. नुसतं पाहिलं. हात जोडले नाहीत की ओठ हलवले नाहीत. सबंध चर्चमध्ये ती एकटी, खांबाच्या बैठकीपेक्षा थोडीशीच उंच, आणि तिच्या डोक्यावर तो साठ फुटांचा उजेड.

दोरीवाला बाकावरून उठला तो धावतच तिच्याकडे गेला. "मावशी, तुम्हाला चित्रात घेतो."

"मला?" ती दचकली. "काहीतरीच काय! मला बघून लोक हसतील."

"नाही हसणार."

"मग थोडी उंच तरी काढा. वीतभर. तुमचं काय जातंय? जरासा रंगच जास्त लागेल ना?"

तिनं हे गमतीत म्हटलं होतं, पण पूर्ण गमतीत नव्हतं. जन्मभर 'ठेंगणी' ऐकलेल्या माणसाला चित्रात तरी वीतभर वाढावंसं वाटलं तर त्यात नवल नाही. चित्रकारालाही ते कळलं. तरी त्यानं मान हलवली. "मावशी, मापात खोटं मला जमत नाही. आणि तुम्ही आहात तेवढ्याच उभ्या राहिलात, तरच हे चर्च केवढं आहे ते लोकांना दिसेल."

मावशीनं कमरेवर हात ठेवला. "म्हणजे माझ्या ठेंगणेपणावर तुमचं चर्च उंच होणार!"

"हो. अगदी तसंच."

ती इतकी हसली की फादर आतून बाहेर आले. मग तिनं टाचा जुळवल्या, पाठ खांबाला टेकवली आणि म्हणाली, "मोजा तर मग. पण नीट मोजा. अर्धा इंचसुद्धा कमी धरायचा नाही, सांगून ठेवते."

चार फूट एक इंच भरली.

घरी येऊन त्यानं माझ्या अंगावर, तिसऱ्या खांबाशी, फरशीचा वाळत आलेला रंग सुरीनं खरवडला. ती जागा मोकळी करून त्यानं मावशीला तिथे उभी केली. निळा झगा, डोक्याला पांढरा रुमाल, हातात झाडू, हनुवटी वर. माझ्यावर ती करंगळीच्या दोन पेरांएवढीच आहे. मग तिच्याभोवतीची फरशी त्यानं पुन्हा रंगवली. शेवटचा हात फिरवून तो मागे सरकला, आणि मित्रांनो, मला स्वतःला जाणवलं की माझं छत वर गेलं. खांब जागेवरच होते, एका रेघेचाही फरक नव्हता, पण मी मोठा झालो. बायको बघायला आली तेव्हा दारातच थांबली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "आता अंगावर बसला."

मावशीही येऊन मला पाहून गेली. तिनं आधी उजेड पाहिला, मग फरशी पाहिली, मग स्वतःला पाहिलं. "धूळ नाही दाखवलीत ते बरं केलंत," म्हणाली. "नाहीतर फादर मला बोलले असते." आणि जाता जाता दारातून वळून पुन्हा एकदा पाहिलं.

माझ्यानंतर दोरीवाल्याची नजर अधू होत गेली. पुढे त्यानं चित्र काढलं नाही. त्याच्या हातून माणूस असलेलं चर्च एकदाच झालं, ते मी. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. बरं, थोडं मिरवण्यासाठीही सांगतो.

माझी नोकरी एका रुग्णालयात लागली. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला नेऊन शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर, नातेवाईक बसायचे त्या बाकांसमोर टांगलं. अठ्ठावीस वर्षं मी तिथे चाकरी केली. तिथे येणाऱ्या माणसाला चित्रकलेतलं काही कळायची गरज नव्हती. त्याचं माणूस आत असायचं आणि त्याच्या हाताला काम नसायचं. असे लोक माझ्याकडे बघायचे. काही जण माझे खांब मोजायचे. काही जण फरशीवरून आत आत चालत जायचे, मला ते त्यांच्या डोळ्यांवरून कळायचं. निरनिराळ्या देवांना मानणारे यायचे आणि कुठल्याच देवाला न मानणारेही यायचे. माझ्याकडे सगळ्यांना बसायला जागा होती.

एकदा एक गवंडी आला. त्याचा मोठा भाऊ परांचीवरून पडून आत होता. म्हणजे बांधकामाच्या फळ्यांवर चढून काम करतात ना, त्या फळ्यांवरून. सोबत वहिनी. ती बाई रडतही नव्हती, नुसती दाराकडे डोळे लावून बसलेली. गवंड्यानं बराच वेळ मला न्याहाळलं आणि तिला म्हणाला, "वहिनी, ही कमान बघा. अशी कमान बांधायची तर आधी खाली लाकडाचा साचा लागतो. वरचा शेवटचा दगड बसेपर्यंत सगळा भार साच्यावर. तो एकदा बसला की साचा काढून घ्यायचा. मग दगडच दगडाला धरतात."

वहिनीनं पहिल्यांदा दारावरची नजर काढली. माझ्याकडे पाहिलं. कमानीकडे नाही, खाली, खांबाशी.

"ती बाई काय बघतेय वर?" तिनं विचारलं.

"उजेड बघतेय."

"काम टाकून?"

"दोन मिनिटं टेकली असेल."

वहिनीनं पाठ मागे भिंतीला लावली, आणि तीही दोन मिनिटं टेकली. आत काय झालं ते मला कधीच कळत नसे, दार माझ्याच भिंतीत, बाजूला होतं. पण त्या दोघांना त्या संध्याकाळी मी हसत बाहेर जाताना पाहिलं. अशा किती जणांना मी दोन मिनिटं टेकवलं असेल, त्याची गणती नाही. मला ही शाबासकी कुठल्याही पदकापेक्षा मोठी वाटते.

पण दिवस कुणाचेच सारखे राहत नाहीत. रुग्णालयाची नवी इमारत झाली. तिथे चकचकीत भिंती आल्या, त्यांवर हात धुण्याच्या सूचना आल्या. मला "नंतर लावू" म्हणून कपडे धुण्याच्या खोलीमागच्या अडगळीत ठेवलं, आणि ते नंतर चाळीस वर्षं आलंच नाही. एका बाजूला चाक निखळलेली खुर्ची, दुसऱ्या बाजूला गंजलेली खाट. भिंतीपलीकडून दिवसभर वाफ आणि गरमी यायची, रात्री सगळं गार पडायचं. तापणं आणि निवणं, तापणं आणि निवणं. माझ्या अंगाला भेगा पडल्या. माझ्यावरचं रोगण, म्हणजे रंगावरून दिलेला पारदर्शक लेप, काळवंडून बिनदुधाच्या कडक चहासारखं झालं. नऊ पांढऱ्यांतला एकही ओळखू येईना. मावशी तर धुरकट ठिपका होऊन बसली. झाडण्यासाठी वाकलेली कुणी बाई असावी, एवढंच दिसायचं. मला वाईट वाटायचं. स्वतःपेक्षा तिच्यासाठी जास्त वाटायचं, कारण मी भिंतीकडे तोंड करून होतो आणि माझ्यामुळे तीही.

मला तिथून काढलं एका प्राध्यापकांनी. हे सद्गृहस्थ दोरीवाल्यावर जीव टाकणारे. त्याची कुठेकुठे पसरलेली चित्रं शोधायची, त्याच्या मापवह्या मिळवायच्या, चित्रातलं एकेक अंतर पट्टीनं मोजून वहीशी ताडायचं, यात त्यांची तीस वर्षं गेली होती. त्यांच्या पुस्तकाचं एक प्रकरणच असं होतं की या माणसाच्या मापात कधीही, कुठेही चूक सापडत नाही. अडगळीत माझं टाचणीचं भोक सापडलं तेव्हा ते गुडघ्यांवर बसले आणि "हाच तो! हाच तो!" म्हणून ओरडले. कपडे धुणारी बाई साबणाचे हात घेऊन धावत आली. तिला वाटलं, चोर सापडला.

त्यांनी मला संग्रहालयात आणलं. तिथे चित्रं स्वच्छ करणारी एक बाई आहे, तिला सगळे ताई म्हणतात. महिन्याभरानं दोरीवाल्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं होतं, आणि मी त्यातला मुख्य पाहुणा. ताईनं मला टेबलावर आडवं निजवलं. प्राध्यापकांनी पट्टी काढली.

फरशी दीड फुटाची, बरोबर. खांब बरोबर. दार बरोबर. ते खुशीत मोजत मोजत तिसऱ्या खांबाशी आले, आणि थांबले. पुन्हा मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं.

"ताई, ही बाई त्याची नाही."

"म्हणजे?"

"फरशीच्या मापानं ही चार फूट भरते. चार फूट एक इंच, फार तर. बाईमाणूस कमीत कमी पाच फूट असायला हवं. हा माणूस खांबात इंचाची चूक करत नाही, तो बाईत फूटभर करेल? आणि त्याच्या बाकी एकाही चित्रात माणूस नाही. नंतर कुणीतरी हौशीनं घुसडलीये. काढून टाका."

मित्रांनो, विचार करा. जो माणूस माझ्या चित्रकारावर सगळ्यांत जास्त प्रेम करत होता, त्यालाच हे सुचलं. त्याच्या प्रेमापायीच सुचलं. मला ओरडून सांगायचं होतं की अहो सर, तिला खांबाला टेकवून मोजलंय, अर्धा इंचही कमी धरलेला नाही! पण चित्राला तोंड नसतं. ज्याला सगळं ठाऊक होतं तोच मुका होता. बाकी ज्यांना ठाऊक होतं, ते कधीच जग सोडून गेले होते.

संग्रहालयाच्या समितीनं प्राध्यापकांचं म्हणणं मान्य केलं. तज्ज्ञ माणूस, त्याच्यापुढे कोण बोलणार? ताईच्या हातात कागद आला. आधी रोगण साफ करायचं, मग ती आकृती काढून टाकायची.

ताईची कामाची एक रीत आहे. ती नेहमी वरून खाली येते. काडीला कापूस गुंडाळायचा, औषधात बुडवायचा, बोटाच्या पेराएवढ्या जागेवर गोल फिरवायचा, कापूस तपकिरी झाला की टाकून नवा घ्यायचा. माझ्या वरच्या खिडकीपासून तिनं सुरुवात केली. चाळीस वर्षांचा काळोख कापसावर उतरायला लागला, आणि खालून माझा पहिला पांढरा वर आला. ताई गुणगुणत होती, ती थांबली. "अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "हा निळसर आहे." मग दुसरा सापडला, मग तिसरा. नवव्या दिवशी तिनं सगळे मोजले आणि रंगाच्या कागदावर नऊ खुणा करून ठेवल्या. मला इतका आनंद झाला होता, आणि तरीही दर दिवशी ती थोडी खाली येत होती. माझं वैभव जसजसं परत येत होतं, तसतसा मावशीचा दिवस जवळ येत होता. असा आनंद शत्रूलाही मिळू नये.

एका सकाळी ती तिसऱ्या खांबाशी पोहोचली. रंग विरघळवणारं जहाल औषध तिनं वाटीत काढलं. काडीला कापूस गुंडाळला. मग थांबली. बाई गेल्यावर इथे कसं दिसेल ते आधी बघावं, म्हणून तिनं कागदाचा एक कपटा मावशीएवढा कापून, फरशीच्या रंगात रंगवून तिच्यावर अलगद ठेवला. मला उभं केलं. दहा पावलं मागे गेली.

मी लहान झालो होतो. मला ते जाणवलं आणि तिला ते दिसलं. नऊच्या नऊ पांढरे जागेवर, खिडक्या स्वच्छ, ऊन लखलखीत, आणि ते ऊन रिकाम्या फरशीवर येऊन नुसतं पडलेलं. तिनं येऊन कपटा काढला. छत वर गेलं. पुन्हा ठेवला. छत खाली आलं. ताईनं औषधाच्या वाटीवर झाकण ठेवलं आणि प्राध्यापकांना फोन लावला.

ते आले. त्यांनीही कपटा ठेवून बघितला, काढून बघितला, चार वेळा. माणूस प्रामाणिक होता. "मला दिसतंय," ते म्हणाले. "पण ताई, दिसायला बरं म्हणून खोटं ठेवायचं का? उद्या मी त्याला काय तोंड दाखवू?"

"खोटं असेल तर माझ्या हातानं पुसते," ताई म्हणाली. "मला आजचा दिवस द्या."

तिनं दिवा तिरका लावला, भिंग घेतलं, आणि मावशीवर वाकली. मान न उचलता तासभर बघत राहिली. प्राध्यापक खिडकीशी येरझारा घालत होते. शेवटी तिनं त्यांना हाक मारून भिंग त्यांच्या हातात दिलं.

"सर, ही भेग बघा. फरशीवरून निघते, झग्यातून वर जाते, खांद्यातून निघून खांबात शिरते. कुठे तुटत नाही. तडा गेलेल्या भिंतीवर नवा रंग दिला तर रंग तड्यात भरतो. इथे भरलेला नाही. फरशी आणि बाई एकदमच तडकल्यात. आता खाली बघा. झग्याच्या काठाचा निळा फरशीच्या करड्यात मिसळलाय. दोन्ही ओले असताना मिसळलेत. ज्यानं ही फरशी रंगवली, त्यानंच ही बाई काढली. त्याच आठवड्यात."

ज्या भेगांची मला लाज वाटायची, त्या अशा माझ्या मदतीला आल्या. प्राध्यापक बराच वेळ वाकून होते. मग सरळ होऊन त्यांनी विचारलं,

"पण मग चार फूट एक इंच कशी?"

"सर," ताई म्हणाली, "माणसं चार फूट एक इंच असतात की."

त्यांनी हातातल्या पट्टीकडे पाहिलं.

"तुम्ही त्याच्या चित्रातला खांब न् खांब मोजलात, फरशी न् फरशी मोजलीत. बाईला मात्र अंदाजानं धरलंत. त्यानं तिलाही मोजलं होतं."

प्राध्यापक स्टुलावर बसले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "तीस वर्षं," ते म्हणाले, "तीस वर्षं या माणसाच्या चुका शोधतोय, आणि चूक निघाली ती माझी. प्रकरण फाडावं लागणार."

"फाडा."

"आणि आनंदानं फाडणार!" असं म्हणून ते खरोखरच हसायला लागले.

मग ताईनं जहाल औषध बाजूला सारलं, साधं घेतलं, आणि मावशीच्या तोंडावरून काडी फिरवली. आधी रुमाल पांढरा झाला. मग कपाळ दिसलं, मग वर उचललेली हनुवटी. ती वाकलेली नव्हतीच. चाळीस वर्षांच्या मळानं तिला वाकवलं होतं. प्राध्यापक ताईच्या खांद्यावरून बघत होते. "वर बघतेय," ते कुजबुजले, आणि दोघंही नकळत तिच्या नजरेच्या रोखानं माझ्या खिडकीकडे बघू लागले.

प्रदर्शनाच्या दिवशी गर्दी झाली. माझ्याखाली पाटी लावायची होती, तिच्यावर आधी 'चर्चचा अंतर्भाग' एवढंच लिहिलेलं होतं. प्राध्यापकांनी ती बदलून घेतली. आता तिच्यावर लिहिलं आहे, 'चर्च आणि ते झाडणारी बाई. दोन्ही मापात.' आणि भाषणाला उभे राहिले तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मी हिला पुसायला निघालो होतो." असं बोलायला धीर लागतो. त्या दिवसापासून मला त्यांचाही अभिमान वाटतो.

मित्रांनो, जाता जाता या म्हाताऱ्याचं थोडं ऐका. एखादं माणूस तुमच्या हिशेबात बसलं नाही, तर त्याला खोडण्याआधी हिशेब एकदा तपासा. आणि घरात, शाळेत, कुठल्या अडगळीत माझ्यासारखं कुणी भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर त्याला उजेडाकडे वळवा. मला बघायला जरूर या. दोन मिनिटं टेका. फक्त बोट लावू नका, ओल्या छत्र्या बाहेर ठेवा, आणि मला जपा. हा नुसता माझ्या जिवाचा प्रश्न नाही. ते चर्च आता पाडून टाकलं आहे, मावशीचं माप ज्या वहीत असेल ती दोरीवाल्याची वही सापडलेली नाही, आणि तिचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. या सगळ्या जगात तिला ताठ उभं राहून वर बघायला एवढीच जागा उरली आहे.